कूलरच्या हवेतला कंप्युटर

आमच्या भागात कंप्युटर ठेवायची जागा एकच, कूलरच्या पुढं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. एप्रिल लागला की घरातलं सगळंच कूलरपुढं सरकतं: खाटा, जेवणाची ताटं, अभ्यासाची पुस्तकं, आजारी माणूस, आणि ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी कंप्युटर. माणसाला गार वाटतं म्हणजे मशीनलाही गार वाटत असणार, असा साधा विचार. मी भद्रावतीला राहते, बसमध्ये कंडक्टर आहे. चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूरपासून, सिंदेवाहीपर्यंत आणि तिकडं गडचिरोलीपर्यंत पाव्हणपणाला ज्या ज्या घरी गेले, तिथं हेच बघितलं. त्यामुळं आमच्या घरीही तसंच होतं, यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

आमच्या घरी आजारी माणूस आणि कंप्युटर एकाच खोलीत होते. आजारी माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो विजेच्या लाईनच्या ठेकेदाराकडे कामाला होता. खांबावरून पडला आणि मणका गेला. छातीच्या खाली त्याला काही कळत नाही. हात चालतात, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मुलीकडच्यांनी निरोपसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून पाठवला, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आधीच माहेरी आले होते, म्हणून माय, मी आणि तो, असे तिघं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की याला छातीखाली घाम येत नाही, अंग आपलं आपण थंड करू शकत नाही. खोली तापली की हा तापणार. याला उन्हाळ्यात जपा. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. चांदा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला सांगताय, उन्हाळ्यात जपा. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेतलं तर चटका बसतो, आणि सावलीतल्या सायकलची सीट हात लावू देत नाही. पण डॉक्टर बिचारे त्यांचं काम करत होते, त्यांच्यावर चिडून काय होणार होतं.

पडल्यावरची दोन-अडीच वर्षं तो नुसता छताकडे बघत होता. मग शेजारच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी जाताना जुना कंप्युटर आम्हाला देऊन टाकला. त्याच्यावर हा घरांचे नकाशे काढायला शिकला. आधी साधे नकाशे, मग घराचा पुढचा भाग कसा दिसेल त्याचं रंगीत चित्र. त्याला आमच्याकडे सगळे इलेव्हेशन म्हणतात. धानाच्या शेतीवाला असो की खाणीतला, घर बांधायच्या आधी त्याला घराचा फोटो पाहिजे. पायाही खोदलेला नसतो, पण फोटो फोनमध्ये पाहिजे, साडूला दाखवायला. दारात गाडी उभी पाहिजे. गाडी कोणाकडेच नसते. माझा भाऊ विचारायचा, "कोन्त्या रंगाची ठेवू?" आणि पलीकडचा माणूस खरोखर विचारात पडायचा.

ते काम मिळायला लागलं आणि तो पुन्हा माणसात आला. हे मी उगाच म्हणत नाही. दाढी कर म्हणून माय पूर्वी हातापाया पडायची, तो आता स्वतः आरसा मागायला लागला. फोनवर लोकांशी भांडायचा. "थे खिडकी तिथी नाई येत भाऊ, तुमच्या बाथरूममधून आख्खं गाव दिसंन." मी ड्यूटीवरून आले की बाई, बाई म्हणत (मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात) मला बोलावून दाखवायचा. मी दमलेली असायची, म्हणायची, "राहू दे बाप्पा, उद्या पाह्यतो." तरी बघायची. पैसा फार येत नव्हता, पण पैशाची गोष्टच नव्हती. त्या कंप्युटरवर त्याचं जगणं होतं, म्हणजे जगावंसं वाटणं. हे मायला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्याला तर सगळ्यात जास्त.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात ऐन एप्रिलमध्ये कंप्युटरमधून चट्ट आवाज आला आणि जळका वास सुटला. मायनं आधी चुलीकडे बघितलं, मग देवाकडे. मी तो डबा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याच बसनं, तिकीट काढून, चांद्याला नेला. दुकानवाल्या भाऊंनी पेच काढले, झाकण उघडलं. आत चिखल होता. आमच्याकडे खाणींची बारीक काळी धूळ सगळीकडे असते, भातावर, गादीवर, देवाच्या फोटोवर, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. ती धूळ पंख्यानं आत ओढली होती आणि कूलरच्या ओल्या हवेनं ती कालवली होती. मशीनच्या पोटात जिथं गरमी बाहेर जायला पत्र्याच्या बारीक पट्ट्या असतात, तिथं पट्टी दिसत नव्हती. लाईट आत घेऊन वाटणारा जो डबा, ज्याला दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात, तो तर काळ्या लेपानं भरला होता.

"बाई," दुकानवाले भाऊ म्हणाले, "अजून थोडं पानी मारलं असतं तर धानाची रोवनी झाली असती याच्यात."

मी हसले. नंतर त्यांनी सांगितलं की काही वाचलेलं नाही, आणि मग हसू आलं नाही.

घरी येऊन त्याला सांगितलं. भिंतीकडे तोंड करायचं तर तेही त्याला एकट्याला जमत नाही. त्यानं मायला सांगितलं, "कूस बदलून दे." मायनं बदलून दिली. त्या उन्हाळ्यात तो दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. एका दुपारी मी पाणी पाजायला गेले तर म्हणाला, "बाई, मी आता फक्त कूस बदलून द्याची वस्तू राह्यलो." माझं डोकंच फिरलं. मी त्याला फाडफाड बोलले, बसमध्ये सुट्टे पैसे न देणाऱ्याला बोलते त्याच्याहून जास्त. त्याच्यासाठी आम्ही दोघी राबतो, आमचं काय, असं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. उलटून बोलला नाही, हेच मला जास्त लागलं.

पाऊस झाला, धान निघाला, आणि दिवाळीनंतर मीच म्हटलं, नवा घेऊ. जुना डबा, पडदा आणि कळफलक वापरू, आतलं सामान बदलू. तू ठरव काय काय पाहिजे. हे म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला, आणि मग दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

फोन छातीवर ठेवून तो दिवसभर त्या पंख्यांचे आणि एसएमपीएसचे व्हिडिओ बघायचा. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं गार खोलीत बसून सांगायची की हे चांगलं, ते वाईट. तो त्यांच्यावर चिडायचा. "याच्या खोलीत स्वेटर घालून बसला आहे थो. तो मले काय सांगून राह्यला?" त्याचं म्हणणं असं की कोणताही पंखा खोलीच्या हवेपेक्षा जास्त थंड काही करू शकत नाही. खोली जितकी तापेल ते मशीनचं खालचं टोक, त्याच्या खाली ते उतरणारच नाही. आमच्या खोलीचं टोकच इतकं वर, की त्या पोरांचं मशीन जिथं थांबतं तिथून आमचं सुरू होणार. मला हे ऐकून कसंसंच झालं. कारण डॉक्टरांनी त्याच्याबद्दल हेच सांगितलं होतं. तो मात्र हे मशीनबद्दल सांगत होता आणि खुशीत होता.

पाण्यावर चालणारा एक प्रकार होता, त्यात नळीतून पाणी फिरतं आणि मशीन थंड ठेवतं. दुकानवाले भाऊ फोनवर तोच घ्या म्हणत होते. मायनं मध्येच विचारलं, "कंप्युटरच्या आतमधीबी कूलर? त्याच्यात पानी कोन भरंन? मले आता वाकनं होत नाई." आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी आमच्या घरात तिघं एकदम हसले असतील. त्यानं मायला नीट समजावलं की ते पाणी बंद असतं, भरावं लागत नाही. मग मला म्हणाला की तरी तो नको. त्याचा पंप गेला तर भद्रावतीत काय, चांद्यातही मिळायचा नाही, नागपूरहून येईपर्यंत मे निघून जाईल. त्यापेक्षा पत्र्याच्या पट्ट्यांचा मोठा मनोरा आणि त्याला दोन साधे पंखे. पंखा गेला तर कोणताही लावता येतो.

एसएमपीएसवरून तर भांडणच झालं. दुकानवाले एक सांगत होते, हा दुसराच म्हणत होता. मला वॅट-बिट काही कळत नाही. मी म्हटलं, "थे म्हणतात त्याच्यावर चालते ना? मंग काऊन मोठा पाह्यजे?" तो म्हणाला, संध्याकाळी आमच्या लाईनवर सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज किती पडतं ते मी खांबावर चढून बघितलं आहे. बल्ब पिवळा पडतो तेव्हा स्वस्त एसएमपीएस मरतो, मरताना बाकीच्यांनाही घेऊन मरतो. त्याला असा पाहिजे होता जो पडल्या व्होल्टेजमध्ये तग धरेल आणि गरमीत पूर्ण ताकद देईल. डब्यावर लिहिलेली ताकद गार खोलीतली असते, असंही त्यानं सांगितलं. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. माणूस भांडत होता, अडून बसत होता, त्याला काहीतरी पाहिजे होतं.

दुकानात गेले तेव्हा त्यानं मला फोन उभा धरायला लावला आणि पलंगावरून सगळं बघितलं. दुकानवाले भाऊ काचेचा डबा दाखवत होते, आत लाल-निळे दिवे लुकलुकणारा. "आजकाल हाच चालते बाई, पोरं हाच मांगतात." फोनमधून आवाज आला, "भाऊ, मले गणपती बसवाचा नाई आहे." दुकानातले सगळे हसले. मग त्यानं एसएमपीएसचं एकेक खोकं फिरवून, बारीक अक्षरं कॅमेऱ्यापुढं धरायला लावली. गिऱ्हाईकं खोळंबली. एक जण कुरकुरला तर मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. दोन खोकी परत ठेवून तिसरं घेतलं तेव्हा तो म्हणाला, "हाच. बाई, हाच आनजो." त्या आवाजात जे होतं ते मला अजून ऐकू येतं.

खरं भांडण इन्व्हर्टरवरून झालं. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी लाईट जातेच. म्हणून सामानाबरोबर एक बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. आम्हाला झेपेल तेवढ्या बॅटरीवर छताचा पंखा सोडून एकच काहीतरी चालणार होतं, कूलर नाहीतर कंप्युटर. दोन्ही लावले तर पाणी उकळेपर्यंतसुद्धा टिकणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग कूलर. त्यात विचार करायचं काय? तो म्हणाला, कंप्युटर.

"घराचा चालता व्हिडिओ काढाले पाच-सहा तास लागते," तो म्हणाला. "मधात लाईन गेली का सगळं पयल्यापासून. मी काम कसा करू?"

"आन् लाईन गेल्यावर तू कसा राह्यशील?"

"माय आहे ना. ओलं फडकं फिरवंन."

"माय म्हातारी झाली."

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "कूलर चालू आन् काम बंद, असा उन्हाळा मी काढला एक. तुनं पाह्यला ना थो."

मी तो उन्हाळा बघितला होता. मायनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे होऊ दे त्याच्या मनासारखं. इन्व्हर्टर कंप्युटरसाठी बसला.

सामान जोडून आलं तेव्हा थंडी होती. मायनं तिच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा कापून पंख्याच्या जाळीवर बसवला, धूळ अडायला. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचं तापमान दिसेल असं करून ठेवलं. तो आकडा जागचा हलत नव्हता. तो मला दाखवायचा, "पाह्य, झोपला आहे मस्त." माघ, फाल्गुन असे गेले की मला वाटलं, आता आपलं बस्तान बसलं. मार्कंड्याच्या यात्रेच्या जादा गाड्यांवर माझी ड्यूटी होती, तिथं वैनगंगेच्या काठी उभं राहून मी हात जोडले आणि मागायला काही सुचलंच नाही. इतकी मी बेसावध झाले होते.

एप्रिलमध्ये कूलर बाहेर काढला. गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, बटण दाबलं. तो पलंगावरून ओरडला, "बंद करा."

त्या चिखलाची भीती त्याच्या मनात घट्ट बसली होती. खरं तर आमच्या तिघांच्याही. ओली हवा म्हणजे मशीनचं मरण, हे दुकानवाल्यांनी मला झाकण उघडून दाखवलं होतं. कंप्युटर दुसऱ्या खोलीत न्यावा तर दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तो तर पलंगावरून हलू शकत नाही. कूलरचं तोंड फिरवावं तर खोली केवढी, ओल सगळीकडे जाणारच. शेवटी त्यानंच नेम घातला: मशीन चालू असेल तेव्हा कूलर बंद, मशीन बंद झालं की कूलर चालू. मशीन चालू असताना माय त्याच्या अंगावर ओली चादर टाकायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. चादर किती लवकर वाळते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको.

मी ओरडायची. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की बटण दाबायची, तो आवाज चढवायचा, माय मधात पडायची. त्याच्या काखेत थर्मामीटर लावायचं काम मायचं. ती विचारायची, "किती आहे रे बाबू?" तर तो पडद्याकडे बघून मशीनचा आकडा सांगायचा. मायला वाटायचं तो गंमत करतो. मलाही आधी तसंच वाटायचं.

सिंदेवाहीकडच्या एका धानवाल्याचं काम आलं होतं. दुमजली घर, आणि घरात फिरल्यासारखा व्हिडिओ, कारण भूमिपूजनाच्या दिवशी मांडवात पडदा लावून गावाला दाखवायचा होता. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. जिना वर कसा जातो, देवघरात उजेड कसा पडतो, सगळं त्यानं मन लावून केलं. मग ते सगळं जोडून काढायला मशीनवर लावायचं होतं. मे महिन्याचे शेवटचे दिवस. मी सकाळी ड्यूटीवर निघाले तेव्हा तो म्हणाला, "आज होऊन जाते बाई. संध्याकाळी पाह्यजो." मी म्हटलं, "चादर ओली ठेव." तो हो म्हणाला.

पुढचं मायनं सांगितलं ते सांगते. दुपारी लाईन गेली. इन्व्हर्टरवर मशीन चालत राहिलं, छताचा पंखा हळू फिरत राहिला. मायनं दोनदा चादर भिजवली. नळाला पाणी नव्हतं, टाकीतलं पाणी कोमट होतं. त्यानंच तिला म्हटलं, "शेजारच्याकडून फ्रीजचं पानी आन." ती गेली. शेजारच्या बाईंनी तिला बसवलं, दोन घोट पाजले, ती म्हातारी, तिलाही चक्कर येत होती. ती तिथं जमिनीवर जरा आडवी झाली आणि डोळा लागला. उठून आली तेव्हा तो लाल झाला होता आणि कोणालातरी सांगत होता की खांबावरून उतर, लाईन चालू आहे.

मी आले तेव्हा दारात माणसं होती. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. कोणीतरी बर्फ आणला, कोणीतरी गाडी. चांद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याच्या अंगावर पाणी ओतत होते आणि शिव्या देत होते, त्याला, मायला, उन्हाला, लाईनला, सगळ्यांना. दवाखान्यात नर्स म्हणाली, "बाई, हळू बोला." मी म्हटलं, मला हळू येत नाही.

रात्री कपडे आणायला घरी आले. खोली भट्टीसारखी होती, लाईट परत आलेली होती. मशीन चालू होतं. पंखे मऊ आवाजात फिरत होते. पडद्यावर लिहिलेलं होतं की काम पूर्ण झालं. कोपऱ्यातला आकडा मी बघितला. जिथं असायला पाहिजे तिथंच होता, तसूभर वर नाही. त्यानं निवडलेला मनोरा, पंखे, एसएमपीएस, बॅटरी, सगळं चोख होतं. मी भिंतीतला प्लग उपसून काढला.

धानवाल्याचा माणूस पेन ड्राईव्ह घेऊन आला, शेजारच्या मुलीनं त्याला व्हिडिओ काढून दिला. नंतर धानवाल्याचा फोन आला की गावाला फार आवडलं, फक्त बाल्कनीची काच निळी करून द्या. मी म्हटलं, करून देणारा दवाखान्यात आहे. तो म्हणाला, बरं झाल्यावर करून द्या, घाई नाही. वाईट माणूस नव्हता तो.

भाऊ जगला. पण दवाखान्यातून जो आला तो वेगळाच होता. पाठीला जखम झाली होती, डाव्या हाताची पकड गेली होती, आवाज बारीक झाला होता. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा असं झालं तर आमच्या हातात काही नाही. दवाखान्यात इतके दिवस होता, पण व्हिडिओ झाला का, लोकांना आवडला का, एकदाही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

पाऊस अजून आला नव्हता. त्याला पलंगावर ठेवलं, उशा लावल्या. मायला वाटलं त्याला बरं वाटेल, म्हणून तिनं मला खूण केली. मी प्लग लावला, मशीन चालू केलं, कळफलक त्याच्या हाताजवळ सरकवला. कूलरला हातही लावला नाही. त्याच्या नेमाप्रमाणं सगळं केलं. मी मनात तयार होते, की आता हा काहीतरी खोट काढेल, जाळीवर धूळ बसली म्हणेल, माझ्यावर ओरडेल. ओरडावा, एवढंच मला पाहिजे होतं.

त्यानं पडद्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "बाई, थो बंद कर. कूलर लाव. मले गरम होऊन राह्यलं."

इतक्या वर्षांत, इतक्या उन्हाळ्यांत, त्यानं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. माय पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, मशीनवर काहीतरी झाकते, पॉलिथीन आणते. तो म्हणाला, "राहू दे."

मी कूलरचं बटण दाबलं, मोठ्या नंबरवर. ओली हवा सरळ त्याच्या अंगावर आली, आणि त्याच्या मागं, मशीनवर. त्यानं डोळे मिटले. मी कूलरची टाकी भरायला बादली घेऊन बाहेर गेले.